रेडिओच्या पेटीतला खेळ

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आपल्याकडे शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाने इतका झिजवून ठेवला आहे की तो कानी पडताच डोळ्यांपुढे आगकाड्यांचे झोपडे किंवा फुटक्या बांगड्यांचा मोर उभा राहतो. या वस्तू चार दिवस दर्शनी कपाटावर मिरवतात आणि मग ज्या केरातून आल्या त्याच केरात परत जातात. त्यांतले टाकाऊ खरे असते. टिकाऊ फारसे काही नसते. वास्तविक एखाद्या वस्तूला दुसरा जन्म द्यायचा तर आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. ती वस्तू खरोखर टाकलेली आहे काय? आणि तिचा पहिला जन्म पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गेल्या चतुर्थीच्या आधी हे दोन्ही प्रश्न आमच्या गोव्याकडील नातलगांत चांगले महिनाभर गाजले, आणि निमित्त झाले एका खेळाच्या पेटीचे.

माझे आजोळ पेडण्याचे आणि बहीण दिलेली डिचोलीस. ग्वाल्हेरच्या वाचकांना ही नावे दूरची वाटतील; परंतु तशी ती नाहीत. पेडणे, डिचोली, सत्तरी हा सारा मुलूख एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांचा. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांकडे आधी गेली, पेडणे 1788 च्या तहाने गेले, आणि गोव्याच्या इतिहासात हा भाग 'नव्या काबिजादी' या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत हे घडले, त्यांना जयाप्पा शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई 1763 साली दिलेली होती. पुढे दिल्लीच्या बादशहाकडून 'राजे बहादूर' हा किताब सावंतवाडीस मिळाला तोही शिंद्यांच्या या सोयरिकीच्या जोरावर. तेव्हा लष्करच्या वाड्यात बसून पेडण्याची गोष्ट ऐकणे म्हणजे माहेरवाशिणीच्या घरचे वर्तमान ऐकण्यासारखेच आहे.

डिचोलीचा माझा भाचा बावीस वर्षांचा. वडिलांचा लोहखनिज वाहणारा टिपर होता. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या. मध्यंतरी थोड्या चालल्या. आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे स्तब्ध झाले. 2024 मध्ये डिचोलीकडे लिलावात गेलेल्या खाणीचे काम सुरू झाले खरे. पण आमच्या मेहुण्यांचा टिपर तोवर अंगणातच गंजून गेला होता. भाचा त्या टिपरच्या सावलीत वाढला. त्यामुळे मोडक्या यंत्राकडे पाहण्याची त्याची दृष्टी आपल्यासारखी नाही. आपण मोडके यंत्र पाहिले की भंगारवाल्याची आठवण काढतो. तो स्क्रू-पिळणी काढतो.

या मुलाच्या मनात एक पेटी करायचे आले. पूर्वी शहरोशहरी जी व्हिडिओ पार्लरे होती, त्यांतल्या उभ्या लाकडी यंत्राची एक लहान, मेजावर मावेल अशी आवृत्ती. माझ्या वयाच्या वाचकांनी ही पार्लरे बहुधा बाहेरूनच पाहिली असतील, आणि तीही मुलाला कान धरून बाहेर ओढताना. आत अंधार, पुरुषभर उंचीच्या पेट्यांची रांग, प्रत्येकीच्या पोटात चित्रवाणीची काच, खाली दांडी आणि बटणे, आणि नाणे टाकायची फट. नव्वदीच्या दशकात त्यातल्या एका खेळाचे खरे इंग्रजी नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होते. ते आपल्या पोरांच्या जिभेला काही वळेना, म्हणून त्यांनी खेळातल्या एका गड्याच्या नावावरून त्याला 'मुस्तफा' करून टाकले, आणि देशभर तो त्याच नावाने चालला.

मला या खेळांविषयी ममत्व असण्याचे कारण नव्हते. परंतु भाच्याने त्यांचा इतिहास सांगितला तेव्हा मी कान टवकारले. या पेट्यांचा खरा व्यापार सुरू झाला तो 1972 साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये, 'पाँग' नावाच्या खेळाने. अटारी या नव्या कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाच्या तरुण अभियंत्याला हात बसावा म्हणून हा खेळ करायला दिला होता. त्याने काय केले? बाजारातून हिटाची कंपनीचा साधा कृष्णधवल दूरदर्शन संच आणला, तो चार फुटी लाकडी पेटीत बसवला, आतली मंडले स्वतः जुळवली आणि पेटी गावच्या एका गुत्त्यात नेऊन ठेवली. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. जाऊन पाहतात तो बिघाड कसलाच नाही. नाण्यांचा डबा तुडुंब भरल्यामुळे पुढचे नाणे आत जाईना! म्हणजे ज्या यंत्राची आज जगभर हौशी मंडळी नक्कल करतात, ते मुळातच हाताशी मिळेल त्यातून उभे केलेले होते.

पुढे 1978 साली जपानात तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. वरून शत्रूच्या रांगा उतरत येतात आणि खालून आपण एकेकाला टिपायचे, असा हा खेळ. काच काळी-पांढरी, मग रंग आला कोठून? तर काचेवर रंगीत जिलेटिनच्या पट्ट्या लावल्या होत्या. दिवाळीच्या आकाशकंदिलाला आपण लावतो तोच कागद, तीच युक्ती. आणखी एक मौज अशी की शत्रू कमी होत जातील तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागत. हे कोणी मुद्दाम योजलेले नव्हते. त्या काळचा मंद संगणक. त्याला पंचावन्न आकृत्या काढायला जितका वेळ लागे, त्यापेक्षा पाच काढायला कमी लागे, एवढेच त्यातले इंगित. यंत्राची ती उणीव हाच खेळाचा प्राण ठरला.

इथवर ठीक होते. वाद उपस्थित झाला तो पेटी कशाची करायची यावरून. पेडण्याचे आजोळचे घर रिकामे करायचे ठरले होते. मोप्याचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत वाहता झाला आणि त्या बाजूच्या जमिनीला गिऱ्हाईक लागले. घराचे वाटेकरी आठ. प्रत्यक्ष राहणारी एकटी माझी मावशी, ऐंशीला टेकलेली. तिने बहिणीकडे डिचोलीस यायचे कबूल केले आणि घरातील वस्तूंची वाटणी सुरू झाली. समया, घंगाळी, तांब्याचे हंडे यांना वाली पुष्कळ निघाले. उरला तो आजोबांचा रेडिओ. परदेशी बनावटीचा, लाकडी पेटीचा, समोर जाळीदार कापड, खाली गावांची नावे छापलेली काच, दोन बाजूंना दोन खुंट्या आणि मध्ये पियानोसारख्या चार पट्ट्या. आत उंदरांनी तारांचा कीस केलेला, पाठीचा पुठ्ठा वाळवीने नेलेला. भंगारवाल्याने तो उचलून पाहिला आणि लोखंड कमी म्हणून परत ठेवला.

भाच्याने मात्र त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. पेटी 54 सेंटिमीटर रुंद, 36 उंच, 24 खोल. त्याच्या मनातल्या यंत्राला अगदी बेताची. समोरची फळी कापायची, नाण्याची फट पाडायची, दांडीसाठी भोक घ्यायचे, वर भडक रंग द्यायचा, असा त्याचा बेत. त्याने खडूने रेघाही ओढल्या.

मावशीने त्या रेघा पदराने पुसल्या.

ती फारसे बोलणारी नव्हे. पण त्या संध्याकाळी तिने आम्हाला बसवून सांगितले. 1955 सालची गोष्ट. भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केलेली. रेडिओची बॅटरी मिळणे दुरापास्त. गावात वीज यायला अजून अवकाश. म्हणून रेडिओ दिवसभर मुका असे. रात्री खिडक्या ओढून घेतल्यावर आजोबा तो लावीत, आवाज इतका बारीक की कान जाळीला लावल्यावाचून शब्द उमगू नये. त्या जाळीतून जो आवाज येई तो पेडण्यापासून फार लांबचा नव्हता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी 25 नोव्हेंबर 1955 रोजी सुरू केलेले गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र प्रथम आंबोलीच्या रानात, म्हणजे जुन्या सावंतवाडी संस्थानच्याच हद्दीत होते. नंतर ते कॅसलरॉककडे हलले. पोर्तुगीज आणि कोकणी अशा दोन भाषांत सहा वर्षे ते बोलत राहिले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा हीच दोघे विमानात बसून, ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता गोव्याच्या आकाशातून सांगत फिरली. पुढे ती पतिपत्नी झाली. लिबियाबाईंना 2025 साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली.

"त्या खुंटीला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक होता," मावशी म्हणाली. "मला वाटे, खुंटी चुकून फिरली तर बोलणारी माणसे रानात सापडतील."

भाचा गप्प बसला, पण ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याचे म्हणणे, "आजी, तुम्ही हा रेडिओ ठेवणार कुठे? डिचोलीच्या माळ्यावर. तिथे वाळवी उरलेले खाईल. मग तुमची आठवण जपली असे म्हणायचे का? माझ्या पेटीत तो निदान दिवाणखान्यात राहील." आणि खरे सांगायचे तर या म्हणण्यात तथ्य होते. जपणुकीच्या नावाखाली आपण पुष्कळ वस्तूंना माळ्यावर सावकाश मरायला ठेवतो. भंगारवाला निदान लवकर सोडवतो. मावशीचा आग्रह स्मृतीचा होता, भाच्याचा वापराचा. दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवणे मला शक्य नव्हते. चार दिवस विचार करून मावशीनेच निकाल दिला. "आत काय घालायचे ते घाला. बाहेरून करवत लावायची नाही, रंग लावायचा नाही. आणि जे काढाल ते फेकायचे नाही."

या तीन अटींनी भाच्याचा मूळ बेत मोडला; आणि माझ्या मते खरी कारागिरी तेथून सुरू झाली. करवत हाती असली की डोके फारसे वापरावे लागत नाही.

आतला सांगाडा चार स्क्रू काढून अखंड बाहेर घेतला, त्याचे व्हॉल्व्ह कापसात गुंडाळले, आणि कोणता कोठला ते लिहून सारे एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. उद्या कोणा जाणकाराला रेडिओ पुन्हा बोलता करायचा झाला तर तेच चार स्क्रू परत आवळायचे. येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. हा संच बॅटरीचा होता म्हणून आम्ही हात घातला. घरच्या विजेवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ आणि जुने फुगीर काचेचे दूरदर्शन संच पाहून उत्साहाने उघडू नयेत. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो. फुगीर काचेत शिसेही असते. असल्या वस्तू अधिकृत संकलकाकडेच द्याव्यात.

काच कोठून आणायची? डिचोलीच्या बाजारात मोडक्या लॅपटॉपांना तोटा नाही. चौदा इंची पडद्याचे चित्र साधारण 31 सेंटिमीटर रुंद असते आणि रेडिओच्या जाळीची चौकट 34 होती. कापड हलक्या हाताने काढून, धुऊन, घडी करून डब्यात गेले. त्याच्या जागी मागून पडदा बसला. लॅपटॉपचा पडदा थेट दुसऱ्या संगणकाला जोडता येत नाही. त्याच्या पाठीवर जो क्रमांक छापलेला असतो तो पाहून त्याच जोडीची नियंत्रक पट्टी मागवावी लागते. ती आणि आणखी तीन वस्तू तेवढ्या विकत आणल्या: तळहातापेक्षा लहान असा रास्पबेरी पाय हा संगणक, जो केंब्रिजच्या मंडळींनी मुलांना शिकता यावे म्हणून 2012 साली स्वस्तात काढला, आवाज मोठा करणारी एक पट्टी, आणि खुंटीची फिरकी मोजून आकड्यांत सांगणारी एक चिप, कारण या संगणकाला आपण होऊन 'आहे' आणि 'नाही' एवढेच कळते, 'किती' ते कळत नाही.

बाकी सारे मिळवलेले. पाठीची फळी आदल्या वर्षीच्या मखराच्या प्लायवूडची. तिला जुन्या पुठ्ठ्यावरची भोके जशीच्या तशी पाडली. व्हॉल्व्हची उष्णता जावी म्हणून जी भोके होती तीच आता संगणकाच्या उपयोगी पडली. कर्णा एका निकामी दूरदर्शन संचाचा. पियानोच्या चार पट्ट्यांखाली चार सूक्ष्म स्विच बसवले. ते दोन मोडक्या माउसमधून काढले. पट्टी दाबली की तोच टक् असा आवाज होतो, जो माउसचे बटण दाबताना होतो. सुरू करायचे बटण पाठीमागच्या फळीवर, आणि ते टिपरच्या हॉर्नचे. मेहुण्यांनी ते स्वतः काढून दिले. त्या टिपरचा एवढाच भाग आज कामावर आहे.

पण खरा योग जुळला तो खुंट्यांचा. 'पाँग' या आद्य खेळाला दांडी नव्हतीच. दोन खेळाडू, प्रत्येकाला एक फिरती खुंटी. ती फिरवली की पडद्यावरची फळी वरखाली होते आणि चेंडू परतवते. आमच्या रेडिओला खुंट्या दोनच, एक आवाजाची, एक स्टेशने लावायची, आणि त्याही पेटीच्या दोन टोकांना. भोक पाडण्याचा प्रश्नच उरला नाही. फक्त आतला भाग बदलावा लागला. आवाजाच्या खुंटीमागचा रोधक मुद्दाम विषम केलेला असतो, कारण आपला कान आवाजाची वाढ समप्रमाणात ऐकत नाही. तोच ठेवला असता तर फळी अर्धे अंतर मुंगीच्या पावलाने आणि अर्धे उडी मारून गेली असती. म्हणून दोन्ही खुंट्यांमागे समप्रमाणाचे रोधक घातले. वरच्या खुंट्या त्याच, आजोबांच्या.

खेळ कोठला घालायचा हाही प्रश्न होता. 1997 साली निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 'मेम' नावाची प्रणाली सुरू केली. जुनी यंत्रे नष्ट झाली तरी त्यांची वागणूक नव्या संगणकावर जतन व्हावी हा तिचा हेतू. तथापि त्या खेळांचे हक्क अजून कोणाचे ना कोणाचे असतात. भाच्याने सरळ स्वतःचे दोन खेळ लिहिले. पहिला चेंडूफळीचा. दुसऱ्यात वरून नरकासुरांच्या रांगा उतरतात. चतुर्दशीच्या पहाटे गोव्यात चौकाचौकांतून नरकासुर जाळतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना आवडावी. चित्र काळे-पांढरे ठेवून काचेच्या आत गेल्या दिवाळीच्या कंदिलाचे जिलेटिन लावले: वर लाल, खाली हिरवे. नरकासुर कमी होतील तसे वेगाने यावेत हे मात्र त्याला मुद्दाम लिहावे लागले, कारण आजच्या संगणकाला पन्नास आणि पाच यांत फरकच जाणवत नाही.

गावांची नावे असलेल्या काचेमागे दिवा लावला आणि तिचा काटा एका जुन्या प्रिंटरच्या लहान मोटारीला दोऱ्याने बांधला. 'पाँग' अकरा गुणांचा. गुण वाढला की काटा पुढच्या गावाकडे सरकतो. पोरे आता "मी सिलोनपर्यंत आलो" असे म्हणतात. नाण्याची फट मात्र झाली नाही. करवतीची बंदी होतीच. शिवाय मावशीला घरच्या पोरांकडून खेळायचे पैसे घेण्याची कल्पनाच अघोरी वाटली.

चतुर्थीला पेटी डिचोलीच्या ओसरीवर ठेवली. आत माटोळीखाली गणपती, बाहेर रेडिओसमोर पोरांचा घोळका. आता कोणी विचारील, हेच खेळ आणि याहून शंभरपट चांगले खेळ प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर असता हा खटाटोप कशाला? मीही हे विचारले होते. उत्तर त्या ओसरीवर मिळाले. फोनवरचा खेळ एकट्याचा. त्यात शेजारी बसलेला माणूस म्हणजे अडथळा. पेटीला दोन खुंट्या आहेत, म्हणून दुसरा माणूस लागतोच. आणि तिसरा, चौथा मागे उभा राहून सल्ला देतो, पाळी मागतो, भांडतो, हरलेल्याला चिडवतो. एका जाळीला कान लावून बसलेले घर आणि एका काचेभोवती दाटी केलेली पोरे यांत मला फार अंतर दिसले नाही. पेटीचे काम माणसे गोळा करण्याचे होते. ते तिने पुन्हा सुरू केले आहे.

पेटीच्या तळाला भाच्याने एक कागद चिकटवला आहे. रेडिओ कोणाचा, त्यावर कोण काय ऐकत असे, आतले सामान कोठे ठेवले आहे, ते परत कसे बसवायचे, आणि नवीन प्रत्येक तुकडा कोठून आला, एवढे त्यावर लिहिले आहे. मला त्या सबंध यंत्रात हा कागद सर्वात मोलाचा वाटतो. टाकाऊतून टिकाऊ करताना आपण वस्तू टिकवतो, पण ती कोणाची होती हे सांगायला विसरतो; आणि मग पुढच्या पिढीच्या हाती नुसता एक गमतीदार ठोकळा येतो. ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर असा एखादा मुका रेडिओ, मोडका ग्रामोफोन किंवा बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ असेल, त्यांनी त्याची पेटी करावी असे मी म्हणणार नाही. पण तो कागद मात्र आजच लिहून चिकटवावा. सांगणारी माणसे ऐंशीला टेकली आहेत.

मावशीला पहिल्या दिवशी सर्वांनी आग्रह केला. ती आधी नको म्हणाली, मग पाटावर बसली, पदर खोचला आणि स्टेशनाची खुंटी हाती घेतली. भाच्याने मुद्दाम चेंडू सोडून दिला असावा असा मला संशय आहे. तो अजून कबूल करीत नाही. ती अकरा-सहाने जिंकली.